रोजाला एक

गोळ्यांच्या डबीचं झाकण ‘टक्’ वाजलं, आणि घरातली तिन्ही मोठी माणसं जागी आहेत हे एकमेकांना कळलं.

तोवर कुणी काही बोललं नव्हतं. सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. पैलवान पाठीवर पडून पत्र्याची भोकं मोजत होता. आणि ती, त्याची बायको, चुलीपाशी उकिडवी बसून कान बाहेर लावून होती. मिठागराचा भोंगा उजाडताना वाजायचा. वाजला तर काम आहे, नाही वाजला तर नाही. चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं, बाहेर चांगलं फटफटलं, तरी भोंगा वाजला नव्हता. हाताच्या सवयीनं तिनं डबी उघडली होती आणि पाकिटातली गोळी अंगठ्यानं अर्धी बाहेर ढकललीही होती.

“लाव परत,” पैलवान छताकडेच बघत म्हणाला. “आज रोज नाही.”

तिनं गोळी मागे सारली. फाटलेला चकचकीत कागद नखानं सारखा केला, पाकीट डबीत ठेवलं आणि डबी फळीवर, पोरीचा हात पुरणार नाही अशा जागी सरकवली. एक गोळी वाचली, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्या दिवसांत घरात वाचण्यासारखं दुसरं होतंच काय!

बाहेर आभाळ खाली आलं होतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं मळकट फडक्यासारखं आभाळ, अठरा दिवस एका जागी. मीठ उन्हाचं लेकरू. वाफ्यात घेतलेलं खारं पाणी ऊन नसेल तर आटत नाही, आटलं नाही तर मीठ धरत नाही, आणि मीठच नाही तर ते ओढायला माणूस कशाला? मुकादम दोन-चार दिवसांनी एकदा भोंगा द्यायचा, फुटलेला बांध लिंपायला पाचसहा जणांना ठेवायचा, बाकीच्यांना हातानंच ‘जा’ म्हणायचा.

पैलवान हे काही त्याचं नाव नव्हतं. ओल्या मिठाच्या दोन पाट्या एकावर एक डोक्यावर घेऊन तो बांधावरून तरातरा जायचा, म्हणून मिठागरावरच्या लोकांनी ते ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की सासूही रागावली की “अरे पैलवाना” म्हणायची. त्याच पैलवानाला हंगामाच्या सुरुवातीला वजनकाट्यापाशी घेरी आली. डोळ्यांपुढे काजवे, मानेत कुणी खुंटी ठोकावी तशी ठणक. तिनं हट्टानं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून परत फुगवला.

“किती दिवस आहे हे?”

“काय किती दिवस?” पैलवान म्हणाला.

“रक्तदाब फार वाढलाय तुमचा. मीठ कमी करा.”

पैलवानाला तिथंच हसू फुटलं. “डॉक्टर, मी दिवसभर मिठातच उभा असतो. माझ्या घामाला मीठ, पाण्याला मीठ. कमी करू कुठून?” बाकड्यावरची माणसंही हसली. दुसऱ्या दिवशी मिठागरावर हे पसरलं तेव्हा तर थट्टेला ऊत आला. “पैलवान, साखरेच्या कारखान्यात बघ रे काम!” “वहिनीला सांग, कालवणात आता नुसतं पाणी घाल, मीठ तू बोट बुडवलंस की येईल!”

पण त्या दिवशी खरी गोष्ट घडली ती औषधांच्या खिडकीपाशी, आणि तेव्हा ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

खिडकीतल्या माणसानं सहा पाकिटं पुढे सरकवली. “कामाला कधी जातात हे?”

“उजाडताना,” ती म्हणाली. “भोंगा झाला की.”

“मग चहा झाला की, कामाला निघायच्या आधी. रोज एक. विसरायची नाही.”

“रोजाला एक,” तिनं पक्कं करून घेतलं.

“हां, रोज एक,” तो म्हणाला, आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

वाटभर ती ते घोकत आली. रोजाला एक. लक्षात ठेवायला सोपं होतं, कारण त्यांच्याकडे सगळंच रोजाला होतं. रोजाला दोन चहा. रोजाला एक फडकं, चकाकणाऱ्या मिठापासून डोळे झाकायला. महिन्याच्या शेवटी मुकादम विचारायचा तेही हेच, किती रोज भरले? ताप आला, रोज बुडाला. पोरगी झाली त्या दिवशी तो घरी राहिला तर सासू म्हणाली होती, “नात आली पण रोज गेला.” रोज म्हणजे दिवस हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जो दिवस कामाचा नाही तो दिवस त्या घरात धरलाच कुठे जायचा?

आणि पैलवानाला ते पटलंही होतं. “अगं, साधं आहे. पाटी डोक्यावर घेतली की रक्त चढणार. चढलं की गोळीनं उतरवायचं. बसल्या माणसाचं रक्त कशाला चढेल? त्याला काय जिना आहे?”

पहिला महिनाभर ऊन कडक पडलं, भोंगा रोज वाजला, गोळी रोज गेली. त्याची मानेची ठणक थांबली. झोप लागायला लागली. चूक होती, पण ऊन होतं तोवर ती चूक दिसत नव्हती.

मग आभाळ आलं.

शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची. तिचा नवरा बाजारात हमाल, त्यालाही तसलीच गोळी होती. दोघी एकदा पाणी भरायला उभ्या असताना शिवणवालीनं विचारलं, “तुझ्याकडच्या संपल्या का गं गोळ्या? आमच्या संपल्या, उद्या जाते आणायला. येतेस?”

“आमच्या आहेत अजून. पाकिटंच्या पाकिटं आहेत.”

“अगं बाई! दोघांना एकाच दिवशी मिळाल्या ना? तुझ्या हाताला बरकत दिसतेय.”

“बरकत कसली. भाऊजींना काम आहे ना. यांना रोज कुठाय?”

शिवणवालीला वाटलं, ही कामाचं रडगाणं गातेय. तिनं उगाच जखमेवर बोट नको म्हणून विषय बदलला, आणि हंडा भरला तशी ती निघून गेली. बस्स. खरं कळायला एवढंच अंतर होतं मध्ये, दोन हंड्यांचं.

एका दुपारी ती डबा घेऊन मिठागरावर गेली. भोंगा झाला नव्हता, पण मुकादमानं पैलवानाला निरोप धाडून बोलावलं होतं. ती पोचली तेव्हा तो कचेरीमागच्या पाण्याच्या टाकीत उतरला होता. कमरेइतका गाळ. आतून घमेली भरून वर द्यायची, वर कुणी नाही म्हणून स्वतःच चढून ओतायची, परत उतरायचं. त्याच्या पोटऱ्यांवरची जुनी मिठाची जखम उलून लाल झाली होती. तोंड तर त्याहून लाल. एका हातानं तो मान दाबत होता.

“या, जेवून घ्या,” ती म्हणाली.

तो टाकीच्या काठावर बसला. तेवढ्यात मुकादम दात कोरत बाहेर आला.

“झालं का रे?”

“होतंय. मुकादम, हा रोज धरायचा ना?”

“रोज?” मुकादमानं टाकीत वाकून बघितलं, जणू रोज आत पडलाय. “अरे पैलवान, घरी बसून अंग आंबलं असतं, जरा हात हलवलेस, त्यात रोज कसला? चहा घे जाताना. दोन घे.”

पैलवानानं तिच्याकडे बघितलं नाही. घास तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ चावतच राहिला. ती डब्याच्या झाकणावरचं पाणी पदरानं पुसत बसली. आपल्या माणसाला असं कुणी बोलताना आपण समोर असू नये, हे तिला कळत होतं, पण उठून जायचं कुठे?

घरी आल्यावर तो अंगावरचा गाळ धूत होता तेव्हा तिनं दारातून विचारलं, “गोळी द्यायची का हो?”

“कशाची?”

“आज काम केलंत ना.”

तो पाणी ओतायचा थांबला. “मुकादमानं रोज धरला का?”

“नाही.”

“मग तू कशाला धरतेस?”

ते तो हसत म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिनं उचललेली डबी परत ठेवली. मुकादमानं एका शब्दात त्याचा दिवस नेला आणि त्याच शब्दानं गोळीही नेली. पण हे तिला तेव्हा दिसलं नाही. तिला दिसला तो फक्त नवऱ्याचा वाकलेला मणका आणि त्यावरून ओघळणारं काळं पाणी.

विसाव्या दिवशी ऊन पडलं. असं पडलं की मागचंही देणं फेडून टाकावं. भोंगा दोनदा वाजला. माणसं पळत सुटली. वाफ्यांवर पांढरी साय धरली होती, आणि आभाळाचा काय भरवसा, म्हणून मुकादम ओरडत होता, “दोन पाळ्या करील त्याला दोन रोज!”

पैलवान करणार हे सांगायलाच नको. चहा घेता घेता तो म्हणाला, “आज दोन रोज.”

तिनं दोन गोळ्या काढल्या. त्यानं दोन्ही तळहातावर घेतल्या. हाताची कातडी मिठानं इतकी चिरली होती की गोळी चिरेत अडकली आणि तिला ती नखानं काढून द्यावी लागली.

“दोन काय देतेस गं?” सासू म्हणाली.

“दोन पाळ्या आहेत, आई.”

“हां, मग दे.”

दुपारी तो बांधावर आडवा झाला. पाय लटपटले, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि सगळंच पांढरं असल्यानं आपण पडलो हेही त्याला उशिरा समजलं. दोघांनी खांद्याला धरून घरी आणला. दुसरा रोज गेलाच, पहिलाही मुकादमानं अर्धा केला. सासूनं कांदा फोडून नाकाशी धरला आणि डबीकडे असं बघितलं की डबीत जणू विंचू आहे.

“इतके दिवस गोळी नव्हती तर चालत-फिरत होता. आज दोन घातल्यास आणि आज पडला. मला अडाण्याला कळतं ते तुम्हाला कळत नाही.”

दिसत होतं ते सासूच्या बाजूचं होतं.

तिसऱ्या दिवशी आभाळ परत आलं, आणि डबी फळीवर गेली.

पुढचे नऊ दिवस भोंगा नाही. पैलवान घरात वावरायचा तो पाहुण्यासारखा, कुणाला अडचण नको असा. डोकं दुखतंय म्हणून सांगायचा नाही, पण आंघोळीचं गार पाणी मानेवर फार वेळ ओतायचा. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं अंधुक दिसतं म्हणाला एकदा. तिनं विचारलं, “दवाखान्यात जाऊ या का?” तर म्हणाला, “काय सांगायचं? बसून बसून दुखतंय म्हणून?”

दहाव्या दिवशी सकाळी नऊचा सुमार असेल. तो दारात बसून दाताळ्याचा दांडा ठीक करत होता. मीठ ओढायचं ते लाकडी दातांचं अवजार, दांडा खुळखुळा झाला होता, त्यात पाचर मारायची होती. समोर मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली. सहा वर्षांची, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पण बाप घरी असला की ती टिकायची.

आत ती गोणपाटं शिवत होती. तिला भिंगरीचं हसणं ऐकू आलं.

“बाबा, परत! परत कर ना तसं!”

मग काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज. मग परत हसणं.

“आई, ये ना, बाबा बघ कसं तोंड करतात! अर्धंच हसतात!”

ती हसत हसतच उठली. कितीतरी दिवसांनी त्यानं पोरीशी खेळ मांडला, या विचारानं तिला बरं वाटलं होतं. सुई गोणपाटात खोचून ती दारात आली. पाचर त्याच्या पायाशी पडली होती. तो डाव्या हातानं ती उचलून उजव्या हातात देत होता, आणि उजवा हात ती घेत नव्हता. त्यानं मान वर केली. ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता, त्यातून लाळ ओघळत होती, आणि डोळे, त्या डोळ्यांत खेळ नव्हता.

“अहो?”

तो काहीतरी बोलला. ते शब्द नव्हते.

भिंगरी अजून हसतच होती.

मिठाच्या ट्रकवाल्यानं हो-ना न करता त्याला पुढच्या बाकावर घातला. पोर शिवणवालीकडे ठेवली. वाटभर तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं होतं आणि ती एकच गोष्ट परत परत म्हणत होती, “काही नाही, काही नाही हं,” पाळण्यातल्या बाळाला म्हणावं तसं. सासू मागे, गोण्यांवर बसून.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर तिच्याच वयाची होती. दमलेली. डोळ्यांखाली काळं. “मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय,” ती म्हणाली. “बीपीच्या गोळ्या होत्या का यांना?”

“होत्या.”

“बंद केल्या होत्या? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

“नाही हो! पोरीची शपथ. रोजाला एक. मीच द्यायची, माझ्या हातानं.”

“एकदाही चुकली नाही?”

“एकही रोज चुकला नाही.”

डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या, लिहिलं. “मग हे औषध यांना पुरत नाही. जोराचं द्यावं लागेल. उद्यापासून बदलू.”

व्हरांड्यात सासूनं तिचं मनगट धरलं. हाडापर्यंत रुतेल असं. “जोराचं? साध्यानं माझ्या पोराचं तोंड वाकडं केलं, आता जोराचं देऊन काय उचलूनच नेणार? ऐक माझं. इथून सुटला की ती डबी, ती पाकिटं, सगळं उकिरड्यावर. घरात गोळी येता कामा नये. शप्पथ आहे तुला.”

तिनं मान हलवली. तिलाही तेच वाटायला लागलं होतं.

दोन दिवस ती खाटेखाली सतरंजीवर बसून होती. पैलवानाचा उजवा हात उशीवर ठेवावा लागायचा, नाहीतर तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा खाटेवरून लोंबायचा. त्याच हातानं दोन पाट्या चढवल्या होत्या. ती एकेक बोट सोडवायची, चिरांमध्ये तेल भरायची. बोटं तशीच राहायची, जशी ठेवावी तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. ती रोजच यायची, पण आज हिचं लक्ष गेलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, पाय वर टांगलेला, मोडलेला. नर्सनं त्याला एक गोळी दिली. पांढरी. तीच, तशीच, चकचकीत कागदातली.

नर्स पुढे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “आजोबा, कशाची हो ही?”

“बीपीची.”

“तुम्ही किती दिवस आहात इथं?”

“दीड महिना होईल.”

“आणि ही रोज?”

“रोज.”

“पण,” ती अडखळली, “तुम्ही तर कामाला जात नाही.”

म्हाताऱ्याला वाटलं, थट्टा करतेय. तोंडभर हसला. दात दोनच. “हाच आता माझा धंदा, पोरी! सकाळी उठायचं आणि गोळी खायची. सुट्टीसुद्धा नाही बघ.”

ती उभी राहिली. वॉर्डभर बघितलं. बारा खाटा. बारा आडवी माणसं. एकाचाही भोंगा नाही, एकालाही मुकादम नाही, एकाच्याही डोक्यावर पाटी नाही. आणि ट्रे एकेका खाटेपाशी थांबत चालला होता.

ती नर्सच्या मागे धावली.

“सिस्टर. सिस्टर, काम नसलं तरी असते गोळी?”

“कसलं काम?”

“रोज नसला तरी?”

“रोज नसला म्हणजे?” नर्स वैतागली. “रोजच घ्यायची ना बाई. दररोज. काम असो नसो, दुखो न दुखो. सूर्य उगवला की एक.”

“ढग असले तरी?” ती म्हणाली, आणि आपण काय विचारतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

नर्सनं ट्रे खिडकीत ठेवला. आता ती नीट बघत होती. “तुम्ही कशी देत होता?”

तिनं सांगितलं. भोंगा, खिडकी, रोजाला एक. टाकीचा गाळ, जो रोजात धरला नाही. दोन पाळ्यांच्या दोन गोळ्या. आभाळाचे एकोणीस दिवस, नि नंतरचे नऊ. सांगताना ती रडली नाही. पावती दाखवावी तशी एकेक गोष्ट पुढे ठेवत गेली.

नर्स खालच्या आवाजात म्हणाली, “माणूस बसला म्हणून दाब बसत नाही गं. गोळी त्याला एक दिवस धरून ठेवते, बस्स. दुसऱ्या दिवशी नाही दिली तर ती सोडून देते. आणि एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, त्यानंच चक्कर आली त्यांना.” मग तिला एकदम काहीतरी आठवलं. “डॉक्टरांना तू चुकली नाही म्हणून सांगितलंस?”

“हो.”

“म्हणून त्यांनी औषध वाढवलंय. जास्त जोराची गोळी खरोखर रोज पोटात गेली तर दाब नको इतका खाली येईल. चल. आत्ताच सांगायला हवं.”

“मी सांगू?”

“मग कोण?”

सांगणं सोपं नव्हतं. डॉक्टरच्या टेबलाभोवती चार शिकाऊ पोरं उभी होती. पहिलं वाक्य ऐकून त्यांतला एक हसला, आणि डॉक्टरनं मान वर केली तसा थांबला. ती खाली बघून बोलत राहिली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो ती दुसऱ्या पायानं झाकत होती. सगळं ऐकून डॉक्टरनं आधीचा कागद ओढला, त्यावर काट मारली आणि पेनाचं टोक तसंच टेकवून ठेवलं.

“आधीचीच गोळी पुरेशी होती,” डॉक्टर म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं.

“हात परत येईल का?”

“बघू. वेळ लागेल. बोलणं थोडं येईल. पाटी नाही उचलता येणार.”

दुपारी भेटीच्या वेळी सासू भिंगरीला घेऊन आली. पोरीनं बापाला बघितलं आणि ती आजीच्या लुगड्यामागे गेली. अर्धं तोंड बघून या वेळी ती हसली नाही. पैलवानानं डावा हात पुढे केला. बऱ्याच वेळानं ती आली, आणि दोन बोटं धरून खाटेच्या कडेला उभी राहिली.

सासूनं पिशवीतून डबी काढली. “घेऊनच आले. म्हटलं, जाता जाता नाल्यात टाकीन. पाकिटं भरलेलीच आहेत अजून.”

“टाकू नका, आई.”

“शप्पथ घातली होती मी तुला.”

“गोळ्यांनी नाही केलं, आई. मी केलं.”

आणि तिनं सांगितलं, तिसऱ्यांदा. नर्सला सांगताना जे जमलं, डॉक्टरला सांगताना जे जमलं, ते इथं जमत नव्हतं. रोज म्हणजे दररोज. काम असो नसो. ती बोलत असताना पैलवान घशातून आवाज काढायला लागला. डावा हात पोरीच्या बोटांतून सोडवून तो स्वतःच्या छातीवर आपटत होता, परत परत. मी, मी पण, असं त्याला म्हणायचं होतं. निघत होतं ते फक्त “म... म...”

सासू ओरडेल, झिंज्या धरेल असं तिला वाटलं होतं. तशी ती तयारही होती. पण म्हातारी खाली फरशीवर बसली. डबी मांडीवर घेतली.

“म्हणजे घरात होत्या,” ती म्हणाली.

“हो.”

“त्या फळीवर.”

“हो.”

“आणि आपण वाचवून ठेवल्या.”

वॉर्डात कुणाचं तरी भांडं वाजलं. शेजारचा म्हातारा, कूस बदलता येत नव्हती तरी, तोंड वळवून पडला. भिंगरी मात्र आईकडे बघत होती, भुवया जवळ घेऊन, बेरीज करताना बघायची तशी. मग ती खाटेला वळसा घालून आली आणि तिनं आईचा पदर ओढला.

“आई, रोज नव्हता तेव्हा तू मला जेवायला द्यायचीस ना?”

“हो गं.”

“आजीला पण?”

“हो.”

“मग बाबांना गोळी का नाही दिलीस?”